तुझ्यासाठी राहिले नव्हते

आई,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणाली असतीस, "प्रिय? मी काय पिक्चरमधली हाय?" अक्षर मात्र मोठं काढतेय. चौथीपर्यंत शिकलेली तू, बारीक अक्षर दिसलं की चष्मा पुसत बसायचीस.

आज रविवार, दुपारची वेळ. समोर लंडनच्या एका हॉस्पिटलचा फॉर्म आहे. परीक्षा झाली, मुलाखत झाली, त्यांनी मला घेतलंय. मंगळवारपर्यंत होकार नाहीतर नकार कळवायचा आहे. फॉर्म भराभर भरत गेले आणि एका रकान्यापाशी अडले. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? नाव आणि नातं लिहा. नर्सिंगला गेले तेव्हापासून हा रकाना आला की मी विचार न करता तुझं नाव लिहीत आले. आजही लिहिलं. 'नातं : आई' एवढं लिहून झालं, आणि मग हात थांबला. तुला जाऊन नववा महिना लागला गं, आणि माझ्या हाताला अजून कोणी कळवलंच नाही!

म्हणून म्हटलं, फॉर्म राहू दे. आधी तुला लिहू.

महेशला फोन केला. "दादा, तुझं नाव लिहू का?" तो पनवेलला कुठल्यातरी मॉलमध्ये होता, मागे पोरांचा गोंधळ. "लिही की, विचारतेस काय!" म्हणाला. मग लगेच म्हणाला, "घर बंद ठेवू नको, वाळवी लागेल. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देऊ. मी बघतो सगळं, तू बिनधास्त जा." चांगला आहे गं तो. पण तू गेल्यापासून दोनदा आलाय, आणि दोन्ही वेळा गाडी वळवूनच लावली. मी चहा ठेवते आणि तो घड्याळ बघतो. त्याचं नाव लिहिलं. नात्यापुढे 'भाऊ' लिहिताना मला उगाच रडू आलं.

जायचं की नाही, याचा हिशोब मी महिनाभर डोक्यात मांडतेय आणि मोडतेय. इथे अलिबागच्या हॉस्पिटलात बारा वर्षं झाली. तिथले पेशंट मला नावाने हाक मारतात. बाजारात गेले तर कोणी ना कोणी हात पुढे करून विचारतं, "सिस्टर, ही सूज बघा जरा." तिथे मला कोण ओळखणार? मुरुडची शबाना आठवते ना, माझी नर्सिंगची मैत्रीण? मस्कतहून ती तीन वर्षांपूर्वी लंडनला गेली. ती म्हणते, "सुने, पहिले सहा महिने रडशील, खोटं कशाला बोलू? खुराड्याएवढी खोली, थंडीत चार वाजता अंधार. आपलं नाव दोनदा सांगावं लागतं, तरी ते तिसरंच काहीतरी म्हणतात. पण आजारी माणसाचा हात हातात घेतला की बाकी सगळं इथल्यासारखंच, अल्लाकसम."

आणि इथे तरी माझं कोण आहे? सांग ना! ड्युटीवरून येते, कुलूप काढते, आणि दारातूनच म्हणते, "आले गं." दुसऱ्यांच्या रविवारच्या ड्युट्या मागून घेते. सगळ्यांना वाटतं, सुनीता सिस्टर किती कामसू! मला सुट्टीची भीती वाटते हे कोणाला सांगू? सणाच्या दिवशी पुरणपोळी कोणीतरी आणून देतं. मी ती उभ्यानेच खाते. पाट मांडून बसावं असं वाटत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सुनीता, आठवडाभर रात्रपाळी घेशील का?" आणि मी फाडकन म्हणाले, "नाही हो, घरी आई एकटी असते." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तुझ्या बाराव्याला त्या सगळ्या आल्या होत्या, आई! मोठ्या सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरीचं नाव लिहिलं. त्यांना वाटलं, दुःखाने पोरगी भ्रमलीये. तसं नव्हतं ते. ती माझी सवय होती. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी दुसरी एक चूक कबूल करते. ती सांगायला सोपी आहे.

तुझी बियाण्याची माळ मी खाल्ली.

हसू नको! बाराव्यानंतर गोतावळ्याचं तिखट जेवण होतं. पावसाने भाजी महाग, घरातला कांदा संपलेला. चुलीवरून कोणीतरी ओरडलं, "कांदा कमी पडतोय." मी स्टुलावर चढले, वाशाला लाल दोऱ्याने बांधलेली पांढऱ्या कांद्याची माळ काढली आणि देऊन टाकली. मटणात गेली जवळजवळ सगळी. लोक म्हणत होते, रस्सा काय गोड झालाय! मग शेजारची जनाकाकू पाणी प्यायला आत आली, विळीपाशी पडलेला लाल दोरा तिने उचलला आणि कपाळावर हात मारला. "अगो सुने, ह्यो बियाचा कांदा हाय! लाल दोरा बियाला, हे तुला ठाव न्हाय?"

ठाऊक होतं गं. लहानपणापासून बघितलेलं. मार्च महिन्यात कांदा उपटला की तू सावलीत बसून पातीची वेणी घालत माळा वळायचीस. त्यातले एकसारखे, बारीक मानेचे कांदे निवडून त्यांची वेगळी माळ करायचीस. हीच पुढच्या वर्षाची पुंजी. कार्तिकात ते कांदे पुन्हा लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे येऊ द्यायचे, आणि त्यातून बी धरायचं. तुझ्या सासूने तुला दिलेलं हे बी, दरवर्षी असंच पुढे आलेलं. आणि मी, पांढऱ्या कांद्याच्या घरची मुलगी, त्याचा रस्सा केला! डब्यात आधीच्या वर्षाचं बी होतं, तेही कार्तिकात पेरायला मला सुचलं नाही. ते आता जुनं झालं, उगवायचं नाही.

सात कांदे वाचले होते. ते मात्र जनाकाकूने कार्तिकात माझ्याकडून लावून घेतले. विळीने कांद्याचा शेंडा कसा छाटायचा, केवढा खोल लावायचा, सगळं तिने दाखवलं. एक कुजला. सहा उगवले. ड्युटीला जायच्या आधी विहिरीचं पाणी घालायचे. खरं सांगू? या नऊ महिन्यांत सकाळी उठायला तेवढंच कारण होतं. माघात पांढरे गोंडे आले, वर मधमाश्या. मी युनिफॉर्ममध्ये त्यांच्यापाशी उभी राहून तुझ्याशी बोलायचे. रस्त्यावर थांबून माळ दाबून बघणाऱ्या मुंबईच्या गिऱ्हाइकांना तू झापायचीस ते आठवायचं. "काय दाबून बघता? कांदा हाय, टोमॅटो न्हाय!"

आणि लंडनच्या माणसांनी मुलाखतीत विचारलं, लगेच येऊ शकाल का, तेव्हा मी काय सांगितलं असेल? म्हणाले, घरची शेतीची जबाबदारी आहे, जरा थांबा. सहा कांदे, आई! सहा कांद्यांसाठी मी लंडनला थांबवून ठेवलं.

आता ती सवयीची गोष्ट. सांगायला अवघड आहे ती.

दहा वर्षांपूर्वी मस्कतच्या हॉस्पिटलची मुंबईत मुलाखत होती. शबाना आदल्या दिवशी आपल्याकडे उतरली होती, तू तिला करून वाढलेल्या जवळ्याच्या चटणीची ती अजून आठवण काढते. पहाटे आम्ही दोघी मांडव्याला गेलो. लाँच लागलेली, शबाना चढली, वरून हात पुढे केला. आणि माझे पाय धक्क्याला चिकटले. खलाशी ओरडतोय, मागची माणसं खोळंबलीयेत. मी म्हणाले, "शबाना, तू जा. आईला बरं नाही गं, रात्रीपासून." शबाना बघतच राहिली. तासाभरापूर्वी तूच तर आम्हाला भाकऱ्या बांधून दिल्या होत्यास!

घरी आले तेव्हा तू पडवीत माळा वळत बसली होतीस. "का गो, गेली न्हाईस?" मी चप्पल काढत म्हणाले, "तुला एकटीला टाकून कशी जाऊ? तुझ्यासाठी राहिले." तुझ्या हातातली वेणी सुटली, ती पुन्हा घातलीस.

खोटं होतं ते, आई. मला भीती वाटली होती. परक्या गावात मी कोणीच नसेन, चुकले तर कोणाकडे बघू, आजारी पडले तर पाणी कोण देईल, एवढीच साधी, पोरकट भीती. ती सांगायची लाज वाटली म्हणून तुला पुढे केलं. मग ते सोयीचंच झालं. स्थळ नको असलं, की आई एकटी आहे. पुढचा कोर्स नको, आईचं कोण बघणार? आणि तू गावभर सांगत सुटलीस, "माझ्यासाठी राहिली माझी पोर." मी ऐकायचे आणि मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, किती गुणाची!

शेवटी तू अंथरुणाला खिळलीस ती दोन वर्षं मात्र मी खरीच तुझ्यासाठी होते. ती वर्षं कोणी मला परत दिली तरी तशीच काढीन. पण त्या शेवटच्या आठवड्यात, मी तुझं अंग पुसत होते तेव्हा, तू माझं मनगट धरून म्हणालीस, "माझ्यापायी तुझं राहिलं गो, सुने. मना माफ कर." तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? एका वाक्याचं काम होतं! मी म्हणाले, "गप पड, काहीतरीच काय." आणि कपडा पिळायला मोरीत गेले. मोठ्या मनाने तुला माफ करून टाकल्यासारखी! पेशंटला नळी घालताना हात न थरथरणारी मी, तुला खरं सांगायला घाबरले. तू ते ओझं घेऊनच गेलीस. यासाठी मी रडले तेवढी तुझ्या जाण्यासाठीही रडले नसेन.

काल गोंडे सुकले म्हणून कापले. जनाकाकू सुपात बी पाखडत होती. मी म्हटलं, "काकू, मी जात नाही. आईचं बी कोण बघणार?" तिचा हात थांबला. "तेव्हा आयसचं नाव, आता कांद्याचं? त्या लाँचच्या दिवशी तुझी आयस माझ्याकडं येऊन रडली हुती, म्हाईत हाय? आनंदानं रडली. पोर राहिली म्हणून. आणि मग जन्मभर त्या आनंदाची तिला लाज वाटली. पोरीचं नुकसान झालं आणि आपुन हसलो, असं म्हणायची."

हे मला कधीच का नाही सांगितलंस गं? मी भीती लपवली, तू आनंद लपवलास. एकाच घरात, एका ताटातलं खाऊन! दहा वर्षं तू स्वतःला दोष देत राहिलीस, त्या गोष्टीसाठी जी तू केलीच नव्हतीस. मी राहिले याचा आनंद झाला, तर त्यात पाप काय होतं? मला सांगितलं असतंस तर मीही कदाचित बोलले असते. की नसते बोलले? माहीत नाही.

मी काकूला म्हटलं, तुम्ही लावाल का हे बी? ती म्हणाली, "लावीन. पण मग तो माझा कांदा व्हईल, सांगून ठेवते. परत आलीस तर मागून घे, तुझाच म्हणून हक्कानं येऊ नकोस." तिचं बरोबर आहे. मी पुडी बांधून दिली. हातून काहीतरी गेलं हे खरं, त्याला दुसरं नाव देत नाही.

फॉर्म भरून झालाय, आता पाठवते. होकार कळवतेय. भीती गेली असं समजू नको, ती मांडव्याला होती तेवढीच आहे. थोडी जास्तच असेल, कारण तेव्हा परत यायला घरात तू होतीस.

वचन एकच देते. यापुढे मी जिथून पळेन, तिथून माझ्या नावाने पळेन. लंडनहून तीन महिन्यांत रडत परत आले, तर गावात सगळ्यांना सांगेन, मला जमलं नाही, मी घाबरले. 'आईची आठवण येत होती' म्हणणार नाही, ती कितीही येत असली तरी. आणि काल जनाकाकूला सांगून टाकलंय, आता तुला सांगते. मला तू कधी अडवलं नाहीस, आई. माफी तू मागायची नव्हतीस.

तुझी,
सुनीता