माळ्याचा खुलासा

सोमवार, ५ जानेवारी २०२६

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कॉलनीच्या बागेतला फळा. माझं वाक्य, कालच संध्याकाळी माझ्या हातानं लिहिलेलं — आणि त्याच्याखाली कुणीतरी दुरुस्ती केली.

अकरा वर्षं मी तो फळा लिहिते. रोज एक वाक्य. कचेरीत बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे लाल शाईनं तपासले. माझा मसुदा साहेबांनीही खोडला नाही कधी.

माझं वाक्य असं होतं: "हरितगृह परिणाम हा पृथ्वीला लागलेला शाप आहे. तो समूळ नष्ट करू या." त्याखाली बारीक, सरळ अक्षरात: "समूळ नष्ट झाला तर पृथ्वीचा बर्फ होईल. हरितगृह हवंच. जास्त नको."

हवंच म्हणे! बरं, माझं पुसलंही नाही. पुसलं असतं तर टवाळकी म्हणून सोडून दिलं असतं. मास्तर वहीत शेरा मारतात तसं खाली लिहून ठेवलं.

मी फळ्यापाशी पोचले पावणेसातला. तोवर फिरायला येणारे निदान चौदा जण वाचून गेले होते. त्यांत विजयमाला — माझी शेजारीण, निवृत्त नर्स, रोज माझ्याबरोबर पाच फेऱ्या मारते. म्हणाली, "अगं सिद्धेश्वरी, कुणी लिहिलंय ते बरोबरच असलं तर?" मी म्हटलं, "तू आपली इंजेक्शनं दे." राहिलेल्या तीन फेऱ्या ती माझ्यापुढे दहा पावलं चालली.

कॉन्व्हेंटमध्ये जिची चूक निघायची तिला सिस्टर वही छातीशी धरून वर्गापुढे उभं करायच्या. मी कधी उभी राहिले नव्हते. आज अडुसष्टाव्या वर्षी राहिले. कानशिलं अजून तापलेली आहेत.

मंगळवार, ६ जानेवारी

नोटीस दिली. कॉलनीच्या समितीची चिटणीस मी आहे, मुखत्यारी माझी आहे. बागेच्या किल्ल्या माळ्याकडे, खडूची डबीही त्याच्याच खोलीत. बिरुदेव नाव. पंपाशेजारच्या खोलीत बायको आणि मुलीला घेऊन राहतो. समितीनंच दिलीय ती खोली.

"दि. ५ रोजी सकाळी ६.१० वाजता आपल्या ताब्यातील फळ्यावर अज्ञात इसमाने मजकूर लिहिला. त्यास प्रतिबंध का केला नाही, याचा लेखी खुलासा गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत सादर करावा."

इंद्रजीत, आमचे अध्यक्ष, नवी पेठेत कापडाचं दुकान. म्हणाले, "मॅडम, माळ्याला कुठं नोटीस देता? तोंडी दम द्या की."

"तोंडी दम तुमच्या दुकानात. समितीत कागद."

गुरुवार, ८ जानेवारी

खुलासा आला. वेळेत. मुलीच्या वहीतलं अर्धं पान.

"मी कुणाला बागेत येऊ दिलं नाही. फळ्यावर मीच लिहिलं. वाक्य चुकीचं होतं म्हणून लिहिलं. मॅडमचं होतं म्हणून पुसलं नाही. विचारून लिहायला पाहिजे होतं, ती माझी चूक झाली. बिरुदेव."

विजयमालेला दाखवला. ती म्हणते अक्षर फळ्यावरच्यासारखंच आहे. खडूचं अक्षर वेगळं, पेनाचं वेगळं, एवढंही कळू नये?

लाल शाईनं शेरा मारला: "खुलासा असमाधानकारक व खोटा. सदर मजकूर माळ्याच्या आवाक्यातील नाही. खऱ्या इसमास पाठीशी घालत आहे."

'आवाक्यातील' हा शब्द नेमका बसला.

शनिवार, १० जानेवारी

समितीची बैठक, सात मिनिटं. माझा शेरा वाचून दाखवला. इंद्रजीत म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याकडं किल्ल्या कशा ठेवायच्या?" सगळ्यांनी माना हलवल्या. काम बंद, खोली पाच दिवसांत रिकामी.

काढून टाका असं मी म्हटलं नव्हतं. पण सही माझीच आहे, पहिली.

सोमवार, १२ जानेवारी

पेंटर बोलावून माझं वाक्य फळ्यावर ऑइल पेंटनं लिहून घेतलं. खाली माझं नाव. आता ते खडूनं कुणी बिघडवू शकत नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, रिक्षा मिळेना. त्यामुळे बिरुदेवनं सामान हातगाड्यावर नेलं. एक ट्रंक, दोन कळशा, गादीची वळकटी. मुलगी — काव्या नाव — पुस्तकं गाड्यावर ठेवू देईना, छातीशी धरून चालली होती. दहावीला आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात.

मला पाहून तिनं नमस्कार केला. मी मान हलवली. घरी येऊन तिळगुळाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मंगळवार, २० जानेवारी

बागेतली पपईची रोपं गेली. सगळी. पानं काळी पडून खाली लोंबतायत. दोन रात्री गारठा फार होता, आभाळ अगदी स्वच्छ.

झाडलोट करणाऱ्या चंद्रव्वाला विचारलं, याआधी कधी असं झालं नव्हतं ते?

"कसं हुईल, बाई? बिरुदेव संध्याकाळी वर बगायचा की. चांदण्या लखलखीत दिसल्या की रोपांवर पोती टाकायचा. ढग आले की न्हाय टाकायचा. म्हणायचा, आज वरच्यानंच झाकलंय."

"आणि नवा माळी?"

"त्यो मोबाइल बगतोय."

ढग आले की रात्र उबदार, चांदणं असलं की गारठा. हे मलाही ठाऊक आहे, लहानपणापासून. का, ते कधी विचारलं नाही. पोत्यात काही शेगडी नसते, मग रोपं तगतात कशी?

बुधवार, २१ जानेवारी

वाचनालयात तीन तास बसले. ज्ञानकोश काढला, मग शाळेचं पुस्तकही. शाळेच्या पुस्तकात आहे ते!

सूर्याचा उजेड हवेतून खाली येतो, जमीन तापते. तापलेली जमीन स्वतःची धग बाहेर टाकत राहते, ती डोळ्यांना दिसत नाही. ती सगळीच्या सगळी निघून गेली असती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असतं. समुद्र गोठलेले. पण हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड, वरचे ढग, ती धग वाटेत धरतात आणि पुन्हा सोडतात, त्यातली बरीच खाली जमिनीकडे. म्हणून सरासरी पंधराच्या आसपास राहते. म्हणून ज्वारी पिकते, म्हणून आपण आहोत. चंद्र सूर्यापासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. त्याच्या अंगावर हवा नाही. तो दिवसा भाजतो आणि रात्री शून्याखाली शंभराच्याही खाली जातो.

आपण कोळसा आणि तेल जाळून ते पांघरूण जाड करत चाललोय. वाईट आहे ते जाड होणं. पांघरूण वाईट नाही.

आणि मी लिहिलं, समूळ नष्ट करू या. सोलापुरात बसून सगळ्या पृथ्वीचं पांघरूण ओढून घ्यायला निघाले होते. तेही ऑइल पेंटमध्ये.

समूळ नष्ट झाला तर पृथ्वीचा बर्फ होईल. हरितगृह हवंच. जास्त नको. — तीन तासांत मी वाचलं ते सगळं यात आहे. एक शब्द जास्त नाही. बत्तीस वर्षांत इतकी चोख दुरुस्ती मी एकाही मसुद्यात केली नाही.

पाच तारखेची लाज कानशिलात होती. ही वाचनालयातून घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आली.

शुक्रवार, २३ जानेवारी

इंद्रजीतांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नव्हतं, पण ते गिऱ्हाइकांसमोरच बोलले.

"मॅडम, तुमच्याच सहीनं काढला. आता तुम्हीच म्हणता परत घ्या. समितीची काय शोभा राहील?"

"माझं वाक्य चुकीचं होतं. खालचं बरोबर होतं."

"असू द्या की. ते हरितगृह-बिरितगृह कुणाला कळतंय? लोक फिरायला येतात, पोट कमी करायला." साडी उलगडता उलगडता बोलत होते. "आणि बरोबर असलं तरी त्यानं थोडंच लिहिलंय? तुमचाच शेरा आहे, त्याच्या आवाक्यातलं नाही म्हणून."

समोरच्या बाई साडीचा पदर चाचपत हसल्या. मी पिशवी उचलून दुकानाबाहेर पडले.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन बागेत. फळ्यासमोर ओळीनं उभं करून सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत माझ्या डोक्यावर बरोबर 'शाप' हा शब्द आलाय. कॉलनीच्या ग्रुपवर पंचावन्न जणांनी अंगठे दाखवले.

मंगळवार, २७ जानेवारी

बार्शीला गेले. एसटीनं. चंद्रव्वाकडून पत्ता काढला. गावाबाहेर फुलांची शेती, पारदर्शक प्लास्टिक कागदाची मोठी पॉलिहाऊसं, म्हणजे हरितगृहंच, एकापुढे एक. आत बिरुदेव जरबेराच्या वाफ्यात वाकलेला.

"बाई? तुमी? हितं?" त्यानं क्रेट उलटा करून त्यावर पोतं टाकलं. "बसा. आत गदगदतंय जरा."

मला घाम फुटला होता, तो काही कागदामुळे नव्हता.

विचारलं, ते तू कुठं शिकलास?

"बागंत यायच्या आदी आठ वर्सं हितंच हुतो की. शिकवाया एक सायेब यायचं. लई समजावून सांगायचं. ह्यो कागद गरम हवा भाईर जाऊ देत न्हाय, एवढंच ह्याचं काम. आभाळाचं येगळं. जमिनीची धग वर जाती, ती आभाळ परत खाली लोटतंय. नाव दोनीला एकच पडलंय."

हे शेवटचं मी ज्ञानकोशातही वाचलं होतं आणि नीट समजलं नव्हतं.

"मग मला येऊन सांगायचं होतंस. फळ्यावर कशाला?"

त्यानं जरबेराचं एक फूल देठाशी पिरगाळून काढलं. "काव्या रोज तुमचं वाक्य वहीत उतरवून घ्यायची, बाई. सहावीपासनं. त्या दिशी म्हणाली, पप्पा, परीक्षेत हेच लिवते, बाईंनी लिवलंय म्हंजी खरंच आसणार. तिला म्हणलं, चुकलंय. तर माझ्यावर इस्वास ठिवंना. म्हणली, तुमी माळी, त्या बाई. म्हून फळ्यावरच लिवलं. फळ्यावरचं तिला खरं वाटतंय."

"कुठं आहे ती?"

"वेळापूरला, मामाकडं. परीक्षेचं केंद्र सोलापुरातच हाय. तितनं रोज येणं कसं जमंल, बगू."

माफी मागायची सवय नाही मला. मसुदा तयार केला होता एसटीत, चांगला लांब. "माझी चूक झाली," एवढंच तोंडातून आलं.

"व्हय," तो म्हणाला. रागानं नाही. चहा मागवला.

फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा आणखी एक वाक्य बोलला. ते आज लिहवत नाही.

बुधवार, २८ जानेवारी

तो म्हणाला, "तुमी त्या दिशी बागंच्या फाटकापाशी हुता की, बाई. म्या बगितलं. खुलाशात लिवलं न्हाय."

होय, होते. चष्मा डोळ्यांवर, घड्याळ मनगटावर. त्यानं शेवटचं अक्षर लिहून खडू डबीत ठेवेपर्यंत पाहिलं, आणि मागच्या मागं वळून अर्धा तास रस्त्यानं फिरत राहिले. माळ्यानं मला दुरुस्त केलं हे कागदावर यायला नको, म्हणून 'अज्ञात इसम' लिहिला. या वहीतसुद्धा.

आज इंद्रजीतांना दिलेलं पत्र. एक प्रत फळ्यावर, माझ्या नावावर चिकटवली आहे.

"अज्ञात इसम कोणीही नव्हता. दि. ५ रोजी सदर मजकूर श्री. बिरुदेव यांनी लिहिताना मी स्वतः पाहिले. त्यांचा खुलासा शब्दशः खरा आहे. माझा शेरा मी जाणूनबुजून खोटा लिहिला. श्री. बिरुदेव यांना काम व खोली परत द्यावी, आणि चिटणीसावर काय कारवाई करणार ते कळवावे. लेखी उत्तर शनिवार, दि. ३१ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी पाचपूर्वी मिळावे."