आमच्या घरातली ओ.टी.

प्रिय दादा,

तू निघून गेल्यापासून घरात तुझं नाव कुणी काढत नाही. पण आई अजून चार ताटं घेते आणि मग एक मुकाट्यानं परत ठेवते.

मी नोकरीला लागले. घरातली पहिली पदवीधर म्हणून आई शेजारीपाजारी मिरवते, पण मी नेमकं काय करते ते तिला सांगता येत नाही. बाबांना सांगितलं, माझ्या विभागाला ओ.टी. म्हणतात, ऑक्युपेशनल थेरपी. हात अधू झालेल्यांना बटण लावायला, घास घ्यायला पुन्हा शिकवायचं. तर म्हणाले, "एवढं शिकून शेवटी ओ.टी.च? मग मी काय वाईट होतो!" त्यांची कारखान्यातली ओ.टी. म्हणजे ओव्हरटाइम, त्यावरच तर मी शिकले. आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही. बाबांच्या अपघाताच्या संध्याकाळी इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरच्या ज्या बंद दाराबाहेर बसली होती, त्यावरही हीच दोन अक्षरं होती.

दादा, बाबांचा तो कापलेला हात घरातून गेलेलाच नाही. झोपेत ते तो पांघरुणात ओढून घ्यायला बघतात. नसलेली बोटं गारठतात. सगळ्यात वाईट ती मूठ. प्रेस मशिनमध्ये सापडताना वळली, ती वळलेलीच राहिली. नखं तळव्यात रुततात म्हणतात, आणि उघडून द्यायला तिथं काहीच नाही.

यावर आमच्याकडे आरसा वापरतात. धड हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा तो ठेवायचा, आणि त्यात बघत बोटं हलवायची. मी एक घरी आणला. पहिल्या दिवशी दोन्ही हात दिसले तसे बाबा उठून बाहेर गेले. मग आपणहून बसायला लागले.

परवा मूठ उघडली. ते आरशातल्या बोटांकडे बघतच राहिले. म्हणाले, "त्या दिवशीची ओ.टी. त्याची होती. पोरगा तापानं फणफणला होता, मीच म्हटलं, झोप, मी जातो. तिथं त्याचा हात असता तर पोरी, मी वेडा झालो असतो." आणि लगेच, "त्याला कळवू नकोस हं, जिवाला लावून घेईल."

म्हणून कळवतेय. तू ज्यासाठी तोंड लपवून बसला आहेस, तो दोष त्यांनी तुला कधी दिलाच नाही. ये. माफी वगैरे मागू नकोस, ते चिडतील. नुसता त्यांच्याजवळ येऊन बस.

तुझंच,
शेंडेफळ