सुमीचं कार्ड

चिंचवड, मंगळवार, ६ ऑगस्ट १९५७

आज चौथा क्लोरोफॉर्म, पुन्हा एकाच दातासाठी. माझी बहीण सुमी मतिमंद, तोंड उघडत नाही, म्हणून दरवेळी गुंगी. किडके दात एकदमच काढा, असं मी दुसऱ्या वेळीच म्हटलं होतं. डॉक्टर हसले, "फिटरराव, ही तुमची लेथ नव्हे."

नव्हेच. कारखान्यात लेथ मशीन बंद पडली तर तिच्या कार्डावर नोंद होते. सुमीचं कार्डच नाही. शुद्धीवर यायला पहिल्यांदा वीस मिनिटं, आज पंचावन्न. ओठ निळे. मागच्या वेळी औषध किती दिलंत, विचारलं, तर डॉक्टर कंपाउंडरकडे बघायला लागले. मी दुसऱ्या वेळीच का नाही अडवलं?

कार्ड आता मी केलंय. चारही वेळा, मिनिटांसकट. हसले, तेही लिहिलंय. उद्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांपुढे ते या दातांच्या डॉक्टरांकडूनच वाचून घेईन. अडखळले, तर पुन्हा पहिल्यापासून.