म्हशीला हरिणीचे पाय

ता. ४ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. पत्राचे कारण तुझी कंपनी. फोनवर तू घाईत असतेस आणि मला रागवायला सवड लागते.

तुमच्या त्या विमानांच्या लढाईच्या खेळात तुझे आजोबा जे जाडजूड विमान चालवतात, त्याला ते म्हैस म्हणतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात तेवढा चालतो, तोही थरथरतो. पण म्हैस संथ. बोट हलले तरी आपली सरळ जायची. क्रेन चालवायचे तेव्हाचे त्यांचे दोन जुने सोबती आपापल्या घरून खेळात येतात आणि दुपारभर तिघांची बडबड चालते. माझ्याशी बोलण्यासारखे त्यांना पन्नास वर्षांत फारसे सापडलेले नाही.

गेल्या आठवड्यात खेळात बदल आला. आता बोट थरथरले की म्हैस कोलांटी मारते. तीन दिवसांत सतरा वेळा जमिनीत गेली, एकदाही कोणी न पाडता. चौथ्या दिवसापासून ते खेळायला बसतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. हा उपद्व्याप कोणाचा, ते कळव. लोभ आहे, किती टिकतो ते उत्तरावर.

आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

उपद्व्याप माझाच. विमानांचा समतोल राखणे हेच माझे काम. फार जिंकते त्याचे पंख छाटायचे, फार हरते त्याला बळ द्यायचे. म्हैस शंभरातल्या एकोणतीसच लढाया जिंकायची, सगळ्यात कमी. म्हणून मी तिचे वळण चपळ केले. आता ती बासष्ट जिंकते. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. एका माणसासाठी बदल मागे घ्या म्हटले तर हसतील गं. आजोबांना दुसरे संथ विमान शोधून देऊ का? माझे नाव मात्र सांगू नकोस.

तुझ्या उरलेल्या लोभावर विसंबून,
ठकू

ता. १७ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद, मोजके.

नाव सांगितले. पोरगी हुशार आहे, एवढेच म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. दुसरे विमान नको म्हणतात. आता जेवायलाही उठवावे लागते.

तुझे बासष्ट कोण जिंकते, ते तू पाहिलेस का? मी सोबत्यांना विचारले. दोघांच्याही म्हशी जमिनीत. म्हशीवर आता तरणी पोरे चढलीत, ती खाटेवर बसूनही लढाई जिंकतील. अगं, संथ म्हणून म्हातारेकोतारे तिच्यावर बसायचे, आणि ते बसायचे म्हणून ती हरायची. विमानात खोट नव्हती, आमच्यात होती. दुखणे हाताचे आणि तू औषध पाजलेस म्हशीला. चौथी शिकलेल्या बाईला हे दिसते, मग पगार घेणाऱ्यांना काय होते?

रागातही तुझीच,
आजी

ता. २४ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझे पत्र बैठकीत वाचले. शेवटच्या ओळीला कोणी हसले नाही. मग विमान बाजूला ठेवून चालवणारे तपासले. म्हशीवरचे जुने लोक निम्म्याहून जास्त खेळ सोडून गेलेत. साहेब म्हणाले, हे त्यांना पहिल्यापासून वाटत होते. माझी पाठ मात्र आता कोणी थोपटत नाही. सोमवारी म्हैस पूर्ववत होईल. आजोबा बसले का, तेवढे कळव. मला धास्ती आहे.

तुझी खजील,
ठकू

ता. २ एप्रिल

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारी मी फक्त संगणक लावून दिला आणि भाजी निवडत बसले. विनवणी माझ्या स्वभावात नाही. अर्ध्या तासाने तुझे आजोबा उठले, माझा हात झिडकारून खुर्चीवर बसले. सोबती आलेच होते. म्हैस मिनिटभर सरळ गेली आणि कुठल्याशा पोराने मागून येऊन पाडली. मला वाटले, झाले, आता पुन्हा भिंत. पण ते म्हणाले की या वेळी मी माझ्या चुकीने पडलो, आणि लगेच दुसऱ्यांदा उडाले. संध्याकाळपर्यंत तीच चूक नऊ वेळा केली. जेवायला चार हाका मारल्या, तेव्हा उठले.

तुझ्यावर राग नाही म्हणतात. सध्या हवेत आहेत; त्यांचे आशीर्वाद उतरल्यावर.

आजी