कडप्प्यावरची ज्यादा जकात

६ जानेवारी १९७५
शाळा सुटल्यावर नगरपरिषदेची (न.प.) सभा. मला न विचारताच एका समितीवर टाकलं. दुष्काळानंतर परगावाहून येणाऱ्या ओट्याच्या फरशीवर, म्हणजे कडप्प्यावर, जी ज्यादा जकात बसवली, तिची मुदत मार्चअखेर संपते. ती ठेवायची की उठवायची, हे आम्ही तिघांनी सांगायचं. वकीलसाहेब, कापडवाले शेठ आणि मी. नगराध्यक्ष म्हणाले, "स्वयंपाकघराचा विषय आहे, महिला सभासद पाहिजेच." बाकी वेळी या महिला सभासदाला खुर्चीसुद्धा शोधावी लागते.
घरी येऊन चुलीपुढं बसले. उठताना भिंत धरावी लागली. गुडघे.

९ जाने.
समितीची पहिली बैठक. वकीलसाहेब बराच वेळ ओट्याची उंची, सावली, येणाऱ्याजाणाऱ्याची ऊठबस यावर बोलत राहिले. मला कळेना काय चाललंय. मग लक्षात आलं, ते घरापुढच्या बसायच्या ओट्याबद्दल बोलताहेत. म्हटलं, साहेब, हा ओटा उभ्यानं स्वयंपाक करायचा. "उभ्यानं?" त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे. त्यांना कुठून माहीत असणार.

मुद्दा एवढाच. कडप्पा परभणीच्या मालधक्क्यावर उतरतो, तिथून ट्रकनं इथं. दुष्काळानंतर परभणीच्या फरशीवाल्यानं तो खरेदीच्या भावाच्याही खाली विकला. इथले पाथरवट इथल्याच काळ्या दगडाचे ओटे घडवायचे, त्यांच्याकडं गिऱ्हाईक फिरकेना. जकात बसली तेव्हा कुठं त्यांचं बरं चाललं. आता उठवली तर तो फरशीवाला पुन्हा तसंच करील का? वकील म्हणतात, करणारच, आणि पाथरवट गाव सोडून गेले की भाव चढवणार. शेठ म्हणतात, दोन वर्षांत बाजार सरळ झालाय, उगाच कशाला.
शेठ भाड्याच्या खोल्या बांधताहेत. प्रत्येक खोलीत ओटा.
दोघांची मतं घरूनच ठरवून आणलेली. राहिले मी.

१८ जाने.
शेठाणीबाईंचं बोलावणं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. या गावात आल्यापासून पहिल्यांदा. हे शनिवारचे येलदरीहून आलेले (वीजघरात ड्यूटी, आठवड्याला एक चक्कर). हसून म्हणाले, "कडप्प्याचं बोलावणं आहे, जा." गेले.

आम्ही बौद्ध लोक, कुंकू नको म्हटलं तर आग्रह केला नाही. तिळगूळ दिला, हातात वाणाची स्टीलची वाटी ठेवली. मग हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात. ओटा दाखवायला. त्यांच्या सासूबाई असत्या तर मागून घर धुऊन निघालं असतं. आई हवी होती आज. तिला सांगितलं असतं, एका दगडापायी मी कुठवर जाऊन आले.

ओटा मात्र सुरेख. काळाभोर, एकसंध, फडक्याचा एक हात मारला की स्वच्छ. भोवती सगळ्या बाया. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. "बाई, तेवढी जकात काढून टाका की. आमची आयुष्यं गेली उकिडवं बसून." खोटं काय आहे त्यात.

२१ जाने.
सरजाबाई आली होती, पाट्याला टाकी लावायला, म्हणजे झिजलेला पाटा छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायला. पाथरवटाची. वेशीबाहेर त्यांची पालं होती, आता दोन खोल्या झाल्यात. नवरा रामजी ओटे घडवतो, ही दारोदार जाती-पाटे टाकते. माझ्या संसाराच्या पहिल्या वर्षापासून माझा पाटा हिच्याच हातचा. आमची थोरली पोरंही एकाच पावसाळ्यातली. माझ्या बाळंतपणात हिनं कपडे धुतलेत.

छिन्नी चालवता चालवताच म्हणाली, "बाई, जकात ठिवा. ती उठली की आमाला बी उठावं लागंल."
कुठं जाल, विचारलं.
"कुठं बी. खडी फोडायला. दुस्काळात फोडलीच की."
मग म्हणाली, "तुमाला गुडघ्याचं लय हाय. ह्यांनी तुमच्यासाटी दगड काढून ठिवलाय. ओटा बसवून देतो. पैका नगं."
मी म्हटलं, नको. समितीवर आहे, लोक बोलतील. फुकट तर नकोच, विकतही आत्ता नको.
छिन्नी थांबली. "शेठानीची वाटी तर घेतलाव की."
गावात काय लपतं. मी म्हटलं, अगं वाटी ती, वाटी आणि ओटा एक आहे का.
ती सामान गोळा करायला लागली. पाटा अर्धा टाकलेला तसाच. दारात जाऊन, माझ्याकडं न बघता, "आमच्या हातचं तुमाला बी चालंना झालं व्हय आता."
गेली.

मला. मला म्हणाली हे. आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते पाहिलेली मी. तिच्यामागं धावत जाऊन सांगायला हवं होतं की ते तसं नाही गं. बसूनच राहिले. गुडघ्याचं निमित्त. रडू आलं, आणि तिचा रागही आला.

२५ जाने.
यांना सगळं सांगितलं. वाटी परत करते म्हटलं. "परत केलीस तर म्हणतील, माज आला. ठेवलीस तर म्हणतील, विकली गेली. ठेव गपचिप, आमटीला होईल."
वाटी फळीवर मागं ढकलून ठेवली.

२९ जाने.
तिघं शेठच्या जीपमधून परभणीला, फरशीवाल्याचं गोदाम बघायला. माणूस गोड बोलतो. खुर्च्या, चहा, बिस्किटं. "बाई, आता मी कशाला तोटा खाऊ?"
मी विचारलं, मग तेव्हा का खाल्ला.
हसला. "धंदा बसवायचा होता ना."
वकिलांनी माझ्याकडं पाहिलं, बघा म्हणून. शेठ चहात बिस्किट बुडवत होते.

निघताना एका लादीवरून हात फिरवला. थंड, गुळगुळीत. हवीय मला. इथं तरी खरं लिहायला हरकत नाही. त्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्याचा दगड मला हवाय.

५ फेब्रुवारी
जोशीबाई (आमच्या शाळेतल्या, चौथीला) यांच्या घरी रामजीनं केलेला ओटा आहे, तो बघून आले. तीन तुकडे जोडलेले. भक्कम, हत्ती बसला तरी हलायचा नाही. पण सांध्यात कणीक बसते, ती त्या केसांच्या आकड्यानं टोकरून काढतात. "रोजचं झालंय," म्हणाल्या. वर असंही म्हणाल्या की धाकट्या जाऊबाईंना ओटा करायचाय, पण त्या मार्च उलटायची वाट बघताहेत. सगळेच थांबलेत म्हणे. जकात उठेल या आशेवर कुणी रामजीला काम सांगत नाही.
म्हणजे ठेवली काय, नि उठवली काय. आणखी दोन वर्षं ठेवली तर लोक आणखी दोन वर्षं थांबतील. पण उठवली तर दुसऱ्या दिवसापासून त्यांना काहीच नाही. थांबणाऱ्यांचं मन निदान बदलू तरी शकतं.
वह्या तपासायच्या राहिल्या. कंटाळा आलाय या विषयाचा.

११ फेब्रु.
डॉक्टर. "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही." म्हटलं, मग स्वयंपाक तुम्ही करायला या. हसले, गोळ्या दिल्या.
सरजाबाई तीन आठवड्यांत या गल्लीत फिरकलेली नाही. शेजारच्यांचं जातं टाकायला दुसरीच कुणी आली होती. चटणी पाट्याच्या अर्ध्याच भागावर वाटते आहे.

१५ फेब्रु.
हे आले. म्हणतात, "ओटा करून टाकू. माझ्यानं बघवत नाही. कोणता ते तू ठरव." म्हटलं, एप्रिलमध्ये बघू. "एप्रिलमध्ये गुडघे नवे येणार आहेत का?" मी भाकऱ्या थापायला बसले.

२० फेब्रु.
शेवटची बैठक. वकील: ठेवावी. शेठ: उठवावी. "बाई, तुमचं?"
मी म्हटलं, एक वर्ष निम्मी ठेवा, तोवर पाथरवटांना न.प.च्या गटारांचं, शाळेच्या पायऱ्यांचं काम द्या. दोघं एकदम माझ्यावर. वकील म्हणाले, ते आपल्या कक्षेत नाही. शेठ म्हणाले, निम्मीनं कुणाचंच भागत नाही. दीड महिन्यात या दोघांचं एकमत झालं ते एवढंच. ठेवावी किंवा उठवावी, एक शब्द पाहिजे. लेखी, बंद पाकिटात, १ तारखेपर्यंत. सभेत फुटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही.
बाहेर आल्यावर शेठ हळूच म्हणाले, "सौभाग्यवती तुमची आठवण काढत होत्या." वकील मागून, "बाई, गरिबांकडं बघा." वकिलांनी मला गरिबी शिकवावी.

१ मार्च
पाकीट दिलं. काय लिहिलं ते इथंही लिहीत नाही. ही वही हे वाचतात, मला माहीत आहे.
वाटलं होतं, हलकं वाटेल.

२ मार्च
रविवार. सकाळी कुणाला न सांगता सरजाबाईकडं गेले. वाटेत दोनदा थांबले, गुडघ्यामुळं, आणि परत फिरावं असंही वाटलं म्हणून.

रामजी बाहेर दगडावर बसलेला, हातात काम नाही. नमस्कार केला, उठून बाजूला झाला. सरजाबाईनं पोतं अंथरलं, मग माझ्याकडं बघून आतून लाकडी खोका आणला, त्यावर बसवलं. गुळाचा चहा केला. प्यायले. मुद्दाम तिच्या डोळ्यांसमोर, अगदी तळापर्यंत. तिला कळलं. मी म्हटलं, त्या दिवशी तू जे म्हणालीस ते तसं नव्हतं. "मला बी मागून वाटलं," म्हणाली. "रागाच्या भरात निगालं तोंडून." दोघींचेही डोळे भरले. थोडा वेळ पोरांचं बोललो. तिच्या थोरल्याला साखर कारखान्यावर काम लागेल म्हणे, लागलं तर.

मग विचारलंच तिनं. "काय लिवलात बाई?"
"सांगायचं नाही असं ठरलंय गं."
"बरं. नगा सांगू. तुमची बी नड असंल."
रामजी तिकडून ऐकत होता, मान खाली.

जरा थांबून ती म्हणाली, "मंग एवडं तरी सांगताल का? तुमच्या सोताच्या घरात कोनचा दगड बसवनार?"

हे सांगायला कुणाची बंदी नव्हती. तरी मी कप हातात फिरवत राहिले. तिनं माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि विसळायला गेली.