टाकीतले तांब्याचे पैसे

पारनेर,
२० मे १९७३

प्रिय कानिफ,

तुझा मेव्हणा बाजारात भेटला, त्याच्याकडून कोल्हारचा पत्ता घेतला. दुष्काळी कामावर खडी फोडतोस म्हणाला. तुझ्यासारख्या फिटरनं खडी फोडावी, हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

इकडे सगळेच थकलेत. विहिरीत हातभर पाणी उरलंय. नवी टाकी बसवून विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन पुन्हा चालू केलंय, कालपर्यंत दिवसभर त्याच्याजवळ बसून माझे कान बधिर व्हायचे.

तू इंजिन बसवलंस तेव्हा बजावलं होतंस, इंजिन थंड ठेवणाऱ्या या जस्ती पत्र्याच्या टाकीत तांब्याचं काही पडू देऊ नकोस, पाण्यात तांबं पत्र्याला खातं. मी मान डोलावली. आणि आठवड्यानं, विहीर तळाला गेलेली पाहून, आईच्या डब्यातला एक जुना तांब्याचा ढब्बू पैसा हात जोडून त्याच टाकीत सोडला. प्रवरेच्या पुलावरून सोडतो तसा. एका पैशानं काय होणार, असं वाटलं. पाणी भरायला आलेल्या राहीबाईनं ते पाहिलं, मग घराघरातून तांब्याचे पैसे येऊन पडायला लागले. इंजिनवाल्यानंच टाकला म्हटल्यावर त्यांचं काय चुकलं? मी अडवायला हवं होतं.

टाकी गळून रिकामी झाली, इंजिन तापून जाम झालं, गाव चार दिवस पाण्यावाचून राहिलं. हलका पत्रा लावून तू वरचे पैसे खाल्लेस, असं लोक म्हणाले. तू शपथा घेत होतास. त्याआधीच मी टाकीत उतरून पैसे गोळा केले होते. जो पैसा उचलावा त्याच्याखाली भोक. ते सगळे बांधाला पुरले आणि तुझ्याशेजारी येऊन गप्प उभा राहिलो, तुला कामावरून काढलं तेव्हाही. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं कारण नाही.

परवा नव्या टाकीतही तीन पैसे सापडले. मग मात्र राहवलं नाही. काल चावडीवर सगळं सांगितलं. सरपंच आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "मंग पाच महिनं गप का ऱ्हायलास रं?" माझं काम काढून घेतलंय आणि तुला परत बोलवायचं ठरलंय. गावच्या पाणी समितीचं पत्र येईलच, त्यात मात्र तुझ्यावरचा आळ माझ्यामुळे आला हे कोणी लिहिणार नाही, म्हणून हे मी लिहितोय. तू ये. एसटीच्या थांब्यावर मी सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहीन. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण ये.

लिहिताना लाज वाटते, तरी तुझाच,
सहादेव