मूळप्रमाणेच ठेवावे

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी

प्रिय वाळवी,

आशीर्वाद. आम्ही दोघंही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि मला आता भिंगाशिवाय अनुस्वार दिसत नाहीत. तुझ्याकडे सगळे मजेत असतील असं धरून चालतो.

पंचेचाळीस वर्षांच्या बाईला वाळवी म्हणू नये, कबूल. पण दहाव्या वर्षी तू घरातलं एकही पुस्तक खायचं सोडलं नव्हतंस, म्हणून मीच हे नाव ठेवलं. दुसऱ्या नावाने तुला पत्र लिहायला बसलो तर हात चालत नाही.

माझं वाचन चालू आहे. छापखान्याची प्रुफं पोटासाठी, लायब्ररीतली पुस्तकं जिवासाठी. गेल्या महिन्यात सात कादंबऱ्या झाल्या. त्यातल्या पाच तर लिहिणाऱ्यांनी स्वतःही परत वाचल्या नसाव्यात. पहिल्याच पानावर नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःच्या नाकाचं वर्णन करायला लागली की मी पुस्तक मिटतो. काहीजण पहिल्या प्रकरणात आईला मारून मोकळे होतात, पुढचं सगळं वाचकाने माफ करावं म्हणून. आणि घराण्याच्या कादंबरीत एक दुष्ट माणूस लागतोच. पूर्वी तो बाप असायचा, हल्ली मोठा भाऊ असतो.

तुझी वहिनी म्हणते, "दुसऱ्याच्या पुस्तकांना नावं ठेवणं हाच तुमचा व्यायाम. स्वतः एक पान लिहून दाखवा." तिला काय, बोलायला पैसे पडतात?

असो. मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

सप्टेंबरात छापखान्याने तीनशे पानांचा गठ्ठा धाडला. लेखिकेचं नाव टोपणनाव होतं, मला काय कळणार? एक्केचाळिसाव्या पानावर एक भाऊ आणि बहीण सतरंजीवर पालथे पडून एकच पुस्तक वाचताना दिसले. भावाचं वाचून आधी होतं. तो विचारतो, "झालं?" ती म्हणते, "झालं." तो पान उलटतो. पण तिचं झालेलं नसतंच. प्रत्येक पानाच्या शेवटच्या तीन-चार ओळी तिच्या सुटतात, आणि सगळं लहानपण ती त्या ओळी मनाने रचून घेत राहते.

मी भिंग खाली ठेवलं. अगं, तू खोटं "झालं" म्हणायचीस? मला वाटायचं आपण बरोबरीने वाचतोय. एकदा तरी हात धरून थांबवायचं होतंस.

पुढची पानं मी कामाची म्हणूनच वाचली. वेलांट्या सुधारल्या, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. एकशे त्रेसष्टाव्या पानापर्यंत पोचलो. तिथे बहीण आपली पहिली गोष्ट वहीत लिहून भावाला वाचायला देते, तो लाल शाईने चुका काढून वही परत करतो, आणि खाली एकच ओळ आहे: "दादाने मला मारलं." पुढे ती दुकानात नोकरी धरते, लग्न करते, संसारात सुखी होते.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं: "तारलं असे हवे का? लेखिकेस विचारावे."

एका अक्षराची तर गोष्ट. अक्षर जुळवणाऱ्याकडून अशा चुका रोज होतात. परवाच एका स्वयंपाकाच्या पुस्तकात "मीठ घाला"चं "पीठ घाला" झालं होतं. आणि पुढचं सुख वाचलं तर "तारलं" अगदीच विजोड नाही. मी माझं काम केलं.

पंधरा दिवसांनी पान परत आलं. माझ्या पेन्सिलीखाली निळ्या शाईत: "मूळप्रमाणेच ठेवावे." त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरात: "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना?"

म्हणजे तू माझं अक्षर ओळखलंस. तुला तर मी एक्केचाळिसाव्या पानावरच ओळखलं होतं.

वहिनीला पान दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ती तुमची सख्खी बहीण आहे ना? मग पेन्सिलीने काय विचारता? सरळ विचारा." म्हणून हे पत्र. चार दिवस लिहितोय, तीनदा फाडलं.

वाळवी, ती छपाईची चूक आहे असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. तू घाबरून शब्द बदलशील, असं वाटलं होतं. एकोणीस वर्षांची असताना घाबरली होतीस, तशी.

तुझी ती गोष्ट मी दुपारच्या जेवणाआधी दोनदा वाचली होती. तिकीट खिडकीवरची बाई, जी एका म्हाताऱ्याला मुद्दाम चुकीच्या गावचं तिकीट देते आणि शेवटी नोकरी सोडून स्वतःच त्या रांगेत उभी राहते. मला छापखान्यात लागून वर्ष झालं होतं. तीन वर्षं मीही एक कादंबरी लिहीत होतो, कपाटात वर्तमानपत्राखाली लपवून. चाळीस पानं झाली होती. त्या चाळीस पानांत तुझ्या त्या बाईसारखं एक माणूस नव्हतं. माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला. मग मी लाल पेन घेतलं, कारण तेवढं एकच मला तुझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

वही परत दिली तेव्हा तू उघडलीस, पहिलं पान पाहिलंस आणि म्हणालीस, "गोष्ट कशी आहे?" मी म्हणालो, "आधी शुद्धलेखन सुधार." तू "बरं" म्हणालीस. सव्वीस वर्षं मी सगळ्या जगाच्या पुस्तकांवर मतं देत फिरलो आणि तेवढ्या एका गोष्टीवर मूग गिळून बसलो.

आता मत देतो. नवी कादंबरी चांगली आहे. वकिलाचं प्रकरण जड झालंय, ते अर्धं केलं असतंस तर बरं होतं. पण ती वहीतली गोष्ट हिच्याहून चांगली होती. तशी बाई या तीनशे पानांत कुठे नाही. हेही आज सांगणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तुला याने बरं वाटणार नाही, कळतंय मला. सांगितलं नाही तर आणखी एकदा तेच केल्यासारखं होईल.

शेवटची प्रुफं उद्या परत जातील. एकशे त्रेसष्टाव्या पानावर "मारलं" जसं होतं तसंच आहे. त्याच्या वरच्या ओळीत मात्र एक दुरुस्ती केली आहे, लेखिकेला न विचारता. तू "शंभरेक चुका" असं लिहिलं आहेस. त्या दोनशे चौदा होत्या. वहीच्या पहिल्या पानावर मीच मोजून लिहिल्या होत्या, खाली दोन रेघा मारून.

हे पत्र परत वाचून पाहणार नाही. चुका निघाल्या तर असू देत.

तुझा (ठेवावे की काढावे? लेखिकेस विचारावे)
दादा